दहा दिवसांसाठी तरी

आयझाया थॉमसला परत घ्यावं की नाही, हा वाद बॉस्टनमध्ये एकदा सुरू झाला तो अजून पुरता मिटलेला नाही. २०२१च्या उन्हाळ्यात तो सगळ्यात जास्त पेटला होता. आयझायाच्या जुन्या बास्केटबॉल संघाचा, बॉस्टन सेल्टिक्सचा, कारभार जूनमध्ये डॅनी एंजकडून ब्रॅड स्टीव्हन्सकडे आला. ज्याने आयझायाला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं तो माणूस खुर्चीवरून उठला आणि ज्याच्या हाताखाली आयझाया बहरला तोच त्या खुर्चीत बसला. त्यातच केम्बा वॉकरची ओक्लाहोमाला रवानगी झाली आणि पॉइंट गार्डची जागा मोकळी झाली. लोकांना एवढं निमित्त पुरे होतं. नॉर्थ स्टेशनच्या फलाटावर, ऑफिसात डबा खाताना, केस कापायच्या दुकानात, गाडीतल्या रेडिओवर, जिथे म्हणून दोन सेल्टिक्सवाले भेटतील तिथे हा विषय निघे. एक म्हणे, ब्रॅड त्याला बोलावणारच. दुसरा म्हणे, अरे, त्याचा खुबा गेलाय, बचाव त्याला कधीच जमला नाही आणि आता बत्तिशी गाठलीय त्याने. पहिला म्हणे, मग सिएटलच्या हौशी लीगमध्ये एका सामन्यात ८१ गुण कसे केले? आणि दुसरा म्हणे, तिथे अडवतंय कोण!

या वादात मी पहिल्यापासून एका बाजूला आहे. त्याला परत आणायला हवं होतं. का, ते सांगायचं तर आधी त्या माणसाबद्दल सांगायला हवं.

आयझायाचा जन्म १९८९च्या फेब्रुवारीतला, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाचा. वडील लेकर्सचे कट्टर चाहते. डेट्रॉइट पिस्टन्सवरून लावलेली पैज ते हरले आणि पिस्टन्सच्या आयझेया थॉमसचं नाव मुलाला लागलं. आईने फक्त एवढं बघितलं की स्पेलिंग बायबलमधलं असावं. उंची ५ फूट ९ इंच. आपल्याकडे ही उंची चारचौघांत उठून दिसत नसली तरी खुपतही नाही. पण जिथे साडेसहा फुटांचा माणूस मध्यम समजतात, तिथे ती जवळजवळ अपंगत्वच मानली जाते. लीगच्या २०११च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत साठ खेळाडू निवडले गेले. आयझायाचं नाव साठावं पुकारलं गेलं. त्यानंतर दिवे मालवून सगळे घरी गेले असणार. सॅक्रामेंटोने त्याला घेतलं, तीन वर्षांनी जाऊ दिलं. फिनिक्सने घेतलं, हंगाम संपायच्या आत सोडलं. २०१५च्या फेब्रुवारीत तो बॉस्टनला आला.

नागपुरात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मी बास्केटबॉल खेळले आहे. ठेंगण्या मुलींत माझी गणना. आमचे सर म्हणायचे, "तू बाहेरूनच पास दे गं, आत शिरू नकोस." त्यामुळे मी आयझायाचं आत शिरणं फार बारकाईने बघायची. तो डावखुरा. कपाळावर पट्टी. बॉल जमिनीला इतक्या जवळून खेळवायचा की उंच माणसाला तो हिसकावायचा तर वाकावं लागे, आणि उंच माणूस वाकला की तेवढ्यात हा त्याच्या काखेखालून पलीकडे. मग समोर सात फुटांचा कुणीतरी हात वर करून उभा. आयझाया त्याच्या अंगावर आदळायचा. चुकवून नाही, आदळून. त्या धक्क्यातच बॉल वर सुटायचा, फळीच्या अगदी वरच्या कोपऱ्याला लागून खाली जाळ्यात यायचा आणि हा पाठीवर पडलेला असायचा. उठताना मनगटावर बोट टेकवायचा. तिथे घड्याळ नसायचं, पण गार्डनमधल्या, म्हणजे सेल्टिक्सच्या घरच्या मैदानातल्या, प्रत्येकाला वेळ कळायची: चौथा क्वार्टर आला, आता माझी पाळी.

२०१६-१७च्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला २८.९ गुण. ३० डिसेंबर २०१६ला मायामीविरुद्ध त्याने ५२ केले, त्यातले २९ एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये. सेल्टिक्सच्या इतिहासात एका क्वार्टरमध्ये एवढे गुण कुणी केले नव्हते. बिल रसेलने नाही, लॅरी बर्डने नाही. सर्वांत शेवटी निवडलेल्या या माणसाने केले.

पण बॉस्टनने त्याला उरात ठेवलं ते या आकड्यांसाठी नव्हे. १५ एप्रिल २०१७ला, सेल्टिक्सचे प्लेऑफ सामने सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, त्याची बावीस वर्षांची धाकटी बहीण टकोमाजवळ मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी शिकागोविरुद्ध सामना. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की तो घरी जाईल. तो मैदानात आला. बुटांवर काळ्या शाईने बहिणीचं नाव आणि तारीख लिहिलेली होती. सरावाच्या वेळी तो बाकावर बसून रडत होता, शेजारी एव्हरी ब्रॅडली त्याच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी बोलत होता. कॅमेरा त्यांच्यावरून हलायला हवा होता, हलला नाही, आणि आम्ही घरोघरी ते बघत राहिलो. त्या दिवशी त्याने ३३ गुण केले. सेल्टिक्स हरले.

शिकागोवर अखेर मात केल्यावर तो अंत्यविधीसाठी टकोमाला गेला. २९ एप्रिलला बहिणीला निरोप दिला, रात्रीच्या विमानाने अख्खा देश ओलांडून परत आला आणि ३० तारखेला दुपारी वॉशिंग्टनविरुद्ध उतरला. पहिल्याच क्वार्टरमध्ये कोपर लागून पुढचा दात निखळला. खेळत राहिला. पुन्हा ३३. नंतरचे दोन दिवस कित्येक तास दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तोंड सुजलेलं, बोलताना शब्द अडखळत होते.

आणि मग २ मे. बहिणीचा तेविसावा वाढदिवस. त्या रात्री आयझायाने ५३ गुण केले, त्यातले २९ चौथा क्वार्टर आणि जादा वेळ मिळून. सेल्टिक्सच्या प्लेऑफमधल्या अख्ख्या इतिहासात त्याच्या पुढे एकच आकडा आहे, जॉन हॅव्लिचेकचे १९७३मधले ५४. सामना १२९-११९ असा जिंकला. मी टीव्हीसमोर बसले नव्हतेच, मधल्या दारात उभी राहून बघत होते, कारण बसवत नव्हतं. अपघाताला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. आपल्याकडे सुतक धरतात, माणसाला दाराआड बसू देतात, त्याच्या हातात काम देत नाहीत. या माणसाला दुःखाला बसायला जागा मिळाली ती वीस हजार लोकांच्या मधोमध, हिरव्या-पांढऱ्या दिव्यांखाली, आणि त्याने तिथेच बसवलं त्याला.

खुब्याला मार्चमध्येच मार बसला होता. तो दुखावलेल्या खुब्यावरच खेळत होता. क्लीव्हलँडविरुद्धच्या पुढच्या फेरीत दुसऱ्या सामन्यात तो मध्यंतरानंतर परत आलाच नाही.

२२ ऑगस्टला एंजने त्याला क्लीव्हलँडला दिलं. त्याच्याबरोबर जे क्राउडर, अँटे झिझिच आणि ब्रुकलिनकडून आलेला पुढच्या वर्षीच्या निवडीचा हक्क. बदल्यात कायरी अर्व्हिंग. लग्नाचा वाढदिवस साजरा करून बायकोबरोबर गाडीतून परतत असताना त्याला फोन आला. त्या हंगामात त्याचा पगार साठ-बासष्ट लाख डॉलर असणार होता. त्याच्या तोलाचे खेळाडू चौपट घेत होते. पुढच्या उन्हाळ्यात मोठा करार व्हायचा होता. खुबा दुखावला त्याबरोबर तो करारही गेला.

इथे मला विरुद्ध बाजूच्या लोकांचं म्हणणं पूर्ण मांडायला हवं, कारण ते खोटं नाही आणि ते बोलणाऱ्यांचंही आयझायावर प्रेम आहे. आमच्या ऑफिसात बिल रसेलच्या काळापासून सामने बघत आलेले एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं, सेल्टिक्स हा संघच निरोपांवर उभा आहे. २०१३ साली पॉल पिअर्स आणि केविन गार्नेट यांना ब्रुकलिनला धाडलं. २००८चं अजिंक्यपद आणणारी ही माणसं, शहर हळहळलं. पण त्या व्यवहारात मिळालेल्या हक्कांतूनच २०१६ साली जेलन ब्राऊन आला आणि २०१७ साली जेसन टेटम. पिअर्स गेला नसता तर हे दोघं नसते. एंज स्वतः खेळत होता तेव्हा त्यालाही सेल्टिक्सने असंच देऊन टाकलं होतं. हे १९८९च्या फेब्रुवारीत घडलं, आयझाया जन्मला त्याच महिन्यात, आणि तेही सॅक्रामेंटोला. ते गृहस्थ म्हणायचे, या धंद्यात हात थरथरू देऊन चालत नाही.

मला हे सारं पटतं. त्याला देऊन टाकणं चुकीचं होतं असं मी कधीच म्हटलं नाही. दुखावलेल्या खुब्यावर मोठी रक्कम लावायची कुणाची छाती झाली नसती. पण पिअर्सचं पुढे काय झालं तेही बघा. जुलै २०१७मध्ये सेल्टिक्सने त्याला परत करारबद्ध केलं, खेळण्यासाठी नव्हे, तर सेल्टिक म्हणून निवृत्त होता यावं म्हणून. म्हणजे परत घेण्याचा रस्ता त्यांना ठाऊक होता. आयझायाला देऊन टाकायच्या महिनाभर आधीच ते त्या रस्त्याने एकाला घरी घेऊन आले होते. त्याआधी अँटवान वॉकर होताच: २००३ साली गेला, २००५च्या फेब्रुवारीत परत आला, त्याच उन्हाळ्यात पुन्हा गेला, पण तेवढा काळ गार्डनने त्याला आपला म्हणून मिरवलं.

क्लीव्हलँडमध्ये आयझाया जेमतेम पंधरा सामने खेळला. त्या ड्रेसिंग रूममध्ये त्याच्याबरोबर कोण होतं, ते मला नेहमी आठवतं. लेब्रॉन जेम्स होता. २०१० साली तो क्लीव्हलँड सोडून गेला तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या, मालकाने जाहीर पत्र लिहून त्याला धोकेबाज ठरवलं, आणि २०१४ साली त्याच मालकाने, त्याच लोकांनी त्याला परत घेतलं. दोन वर्षांनी त्याने त्यांना अजिंक्यपद दिलं. ड्वेन वेडही होता, मायामी सोडून शिकागोमार्गे आलेला. ८ फेब्रुवारी २०१८ला क्लीव्हलँडने अर्धा संघ बदलला. वेडला मायामीला परत पाठवलं, जवळजवळ काहीच मोल न घेता, केवळ त्याला घरी जाता यावं म्हणून. त्याच दिवशी आयझायाला लेकर्सकडे दिलं. एकाच दुपारी, एकाच खोलीतून दोन माणसं निघाली.

लेब्रॉनच्या वेळी लोकांपुढे प्रश्न होता, याला आपण माफ करायचं का? तो आपणहून गेला होता, माफी शहराच्या हातात होती. आयझाया कुठे गेला नव्हता. त्याला पाठवलं. त्याने कधी बॉस्टनच्या लोकांना बोल लावला नाही. त्याला परत आणा म्हणणाऱ्या बॉस्टनकरांच्या बोलण्यात म्हणूनच एक वेगळा सूर असायचा, तो मी खूप जणांकडून ऐकला आहे. गुणांचा हिशेब, वय, खुबा, सगळं बोलून झालं की शेवटी माणूस आवाज खाली आणून म्हणायचा, "आपण त्याच्याशी बरं नाही वागलो." हा "आपण" कोण? त्या माणसाने काही फोन केला नव्हता, कागदावर सही केली नव्हती. पण २ मेच्या रात्री तो त्याच्या नावाने ओरडला होता, त्याच्या दुःखाचा वाटेकरी झाला होता, आणि ऑगस्टमध्ये अर्व्हिंग मिळाल्याचा त्याला आनंदही झाला होता. चाहत्याला माफी मागायला काही साधन नसतं. तो टाळ्या वाजवू शकतो, किंवा म्हणू शकतो की त्याला परत आणा.

टाळ्या वाजवायची वेळ एकदा आली. १८ मार्च २०१९ला डेन्व्हरकडून आयझाया गार्डनमध्ये आला तेव्हा त्याच्यावरची चित्रफीत दाखवली. त्यालाही वर्षभर उशीर झाला होता. आधी ठरलेली रात्र पिअर्सची जर्सी छताला टांगायची होती, पिअर्सला ती वाटून घ्यायची नव्हती, आणि आयझाया म्हणाला, राहू द्या. अखेर ती चित्रफीत लागली तेव्हा सगळं गार्डन उभं राहिलं. तोही उभा राहिला, हात वर केला. किमान पगारावर खेळणारा, डेन्व्हरच्या बाकावरून उठलेला माणूस. त्याआधीच्या उन्हाळ्यात त्याने स्वतःहून एंजला फोन केला होता, मी परत यायला तयार आहे म्हणून. एंजला आधी मार्कस स्मार्टचा करार उरकायचा होता. तो फोन तिथेच राहिला.

माझा मुलगा या वादात माझ्या विरुद्ध बाजूला असतो. तो म्हणतो, "अगं आई, पण दया दाखवून कुणी संघात घेतं का? त्यालाच किती अपमान वाटेल." त्याला मी सांगते, बाबा रे, संघात करारबद्ध खेळाडू पंधरा असतात. रोज खेळणारे आठ-नऊ, फार तर दहा. चौदावा आणि पंधरावा सामन्याच्या रात्री काय करतात? टॉवेल हलवतात, तरण्या पोरांच्या कानात दोन गोष्टी सांगतात. त्यातही जानेवारीनंतर दहा दिवसांचे करार सुरू होतात. दहा दिवस घ्या, पटलं तर आणखी दहा दिवस. त्यात कुणाचा पगार अडतो, कुणाचं भवितव्य बुडतं? ब्राऊनला पहिल्या वर्षी ज्याने हाताशी धरलं, तो दहा दिवस त्याच्या शेजारी बसला असता तर काय बिघडलं असतं?

मग २०२१चा डिसेंबर आला आणि या वादाला उत्तरच मिळालं, निदान माझ्या मते. कोव्हिडने संघच्या संघ आजारी पडले. लीगने जादा माणसं घ्यायची मुभा दिली. त्याच महिन्यात आयझाया छोट्या लीगमध्ये ग्रँड रॅपिड्सकडून उतरला आणि पहिल्याच सामन्यात ४२ गुण केले. बॉस्टनमध्ये सगळे फोनला डोळे लावून बसले. बोलावणं आलं ते लेकर्सचं. आणि सेल्टिक्सने बोलावलं जो जॉन्सनला. वय चाळीस. २००१ साली सेल्टिक्सनेच निवडलेला आणि पहिल्याच हंगामात देऊन टाकलेला. २२ डिसेंबरला क्लीव्हलँडविरुद्धचा सामना हातात आल्यावर लोक त्याच्या नावाचा गजर करू लागले. शेवटच्या दोनेक मिनिटांत कोचने त्याला पाठवलं. त्याने उंच उडी मारून, मागे झुकून एक बास्केट केला, वीस वर्षांनी, त्याच गार्डनमध्ये, त्याच हिरव्या जर्सीत. बाकावरचे खेळाडू लहान मुलांसारखे नाचले. मीही टाळ्या वाजवल्या, मनापासून. पण माझा मुलगा माझ्याकडे बघत होता आणि त्याला कळलं होतं मी काय विचार करतेय ते. जो जॉन्सन या शहराचं काही देणं लागत नव्हता, शहरही त्याचं काही लागत नव्हतं, आणि तरी एका बास्केटसाठी तो आला. यात दया कुठे होती? कुणाला कुठे अपमान वाटला?

पुढची वर्षं भराभर गेली. आयझाया डॅलसकडे गेला, मग शार्लटकडे सतरा सामने. सेल्टिक्स २०२२ला अंतिम फेरीत गेले आणि हरले. २०२४च्या मार्चमध्ये, पस्तिशीत, तो फिनिक्सकडे दहा दिवसांच्या करारावर होता. त्याच वर्षी १७ जूनला सेल्टिक्सने अठरावं अजिंक्यपद जिंकलं. टेटम, ब्राऊन, आणि चार नंबरची जर्सी घातलेला ड्रू हॉलिडे. आयझायाचाही तोच नंबर होता. हॉलिडेने तो मानाने मिरवला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ऑफिसातल्या त्या गृहस्थांचं म्हणणं खरं ठरलं होतं: निरोपांतूनच हे उभं राहिलं. मिरवणुकीत मात्र अधूनमधून एखादी जुनी चार नंबरची जर्सी दिसत होती, पाठीवर थॉमस.

आता मुलाचं म्हणणं थोडं बदललं आहे. तो म्हणतो, "पिअर्ससारखा एका दिवसाचा करार करावा, समारंभ करावा, सेल्टिक म्हणून निवृत्त होऊ द्यावं. तुझंही समाधान होईल." मी नाही म्हणते. पिअर्सला थांबायचं होतं म्हणून तो थांबला. आयझाया खुब्यावर नवं आवरण बसवून घेऊन, टकोमा-सिएटलच्या व्यायामशाळांतून, छोट्या लीगच्या बसमधून, दहा-दहा दिवस मोजत खेळायलाच येत राहिला. त्याला निरोपाचं ताट कशाला द्यायचं? मला विचारलं असतं तर मी त्याला दहा दिवसांसाठी बोलावलं असतं, हिवाळ्यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, समोर कुठलाही संघ असो. आणि सामना हातात आल्यावर शेवटच्या दोन मिनिटांसाठी नाही, चौथ्या क्वार्टरची पूर्ण बारा मिनिटं बाकी असताना पाठवलं असतं.